0.13 आला कुठून?

हसू नका, पण गेल्या रविवारी दुपारी माझ्या हातात मोबाइलऐवजी सोल्डरिंग आयर्न होतं. मी मास कॉमवाली. त्याआधी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा पहिल्याच वर्षी सोडलेली. आमच्या घरात या विषयावर नऊ वर्षं कुणी बोलत नाही.

बाबांचा हात हल्ली थरथरतो. त्यांनी स्वतः जोडलेला प्रीअँप्लिफायर बंद पडून आठवडाभर टेबलावर तसाच होता. शेवटी मीच म्हटलं, "तुम्ही सांगा, मी करते."

"मीटर लाव. एमिटरच्या रेझिस्टरवर किती व्होल्ट?"

"0.13."

"एक किलोओहमचा आहे तो. म्हणजे करंट?"

"0.13 मिलिअँपिअर." (हुश्श!)

"आता कलेक्टरचा."

"शून्य."

"मग एमिटरमधून जाणारा 0.13 आला कुठून?"

किरचॉफचा नियम! 1845 मध्ये विशीतल्या एका जर्मन विद्यार्थ्याने मांडलेला. जेवढा करंट आत येतो, तेवढाच बाहेर जातो. (फ्रीलान्सरच्या पगाराचंही तेच, पण ते असो.) एनपीएन ट्रान्झिस्टरमध्ये बेस आणि कलेक्टरमधून करंट आत येतो आणि दोन्हींची बेरीज एमिटरमधून बाहेर पडते. परीक्षेत हे मी घोकून लिहिलं होतं. पण याच बेरजेने बिघाडाची उलटतपासणी घेता येते, हे तेव्हा कुठे कळलं होतं?

कलेक्टरमधून काहीच येत नाही, म्हणजे सगळा करंट बेसमधून. आमच्या बीसी547 मध्ये बेसचा करंट कलेक्टरच्या शंभराव्या-दोनशेव्या हिश्शाइतकाच असायला हवा. म्हणजे कलेक्टरची वाट कुठेतरी तुटलीय.

"ट्रान्झिस्टर उडाला?"

"आधी सोल्डर बघ."

भिंगातून पाहिलं. कलेक्टरच्या पायाभोवती केसाएवढी गोल चीर. ड्राय सोल्डर! नवा टाका दिला, पुन्हा मोजलं. एमिटर 1.14, कलेक्टर 1.13. मी लगेच वजाबाकी करून बेसचा करंट सांगितला, तर बाबा हसायलाच लागले. "अगं, हे रेझिस्टर पाच टक्के इकडेतिकडे असतात. एवढासा फरक त्यातच हरवतो."

मग जरा थांबून म्हणाले, "कॉलेजात हे असं करून दाखवलं नाही कुणी?"

"नाही."

"मला विचारायचं होतंस."

मी आयर्न स्टँडवर ठेवलं. स्पीकरमधून बारीक घूंऽऽ ऐकू येत होतं.

"तो मोठा कपॅसिटर दिसतोय?" बाबा म्हणाले. "काढ."