रात्रपाळी यंत्राकडे

नगर जिल्ह्यात दुधाची वेळ ठरलेली असते. सकाळी सहा-साडेसहापासून संकलन केंद्रावर कॅन आणि किटल्या येऊ लागतात, साडेआठपर्यंत गर्दी ओसरते आणि संध्याकाळी पुन्हा तेच. वजन, फॅट आणि एसएनएफचे आकडे यंत्रातून थेट संगणकात जातात, उत्पादकाच्या हातात पावती पडते आणि दर दहा दिवसांनी त्यावरून दुधाचा पगार निघतो. हे हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर आमची कंपनी चालवते. सर्व्हर क्लाउडवर आहेत, म्हणजे मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेले. ते सांभाळणाऱ्यांपैकी मी एक; राहुरी तालुक्यातल्या आमच्या वस्तीवरून काम करते.

पूर्वी हे सांभाळणं हातानं चालायचं. नोंदींच्या फायलींनी डिस्क भरली की रात्री फोन वाजायचा. दुधाच्या वेळेआधी कुणीतरी उठून जादा सर्व्हर चालू करायचे आणि गर्दी सरली की बंद करायचे. नवी आवृत्ती चढवायची ती मध्यरात्री, एकेका सर्व्हरवर त्याच त्या कमांड देत. जागरणापेक्षाही मला जास्त छळायची ती दुसरी गोष्ट. कोणता सर्व्हर कसा लावलाय आणि तसाच का लावलाय, हे सगळं एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या डोक्यात होतं. त्यांच्या घरी लग्नकार्य निघालं की आम्हाला धास्ती वाटायची.

हातकामात केवढी जोखीम असते, हे अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीनं दाखवून दिलं. तिच्या आठ सर्व्हरपैकी एकावर नवा प्रोग्रॅम चढवायचा राहून गेला. १ ऑगस्ट २०१२ ला बाजार उघडला आणि त्या एका सर्व्हरवरचा जुना, निकामी कोड जागा झाला. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. तिथली माणसं अडाणी नव्हती. तेच काम आठ वेळा हातानं करताना एखादी वेळ सुटणारच, आणि सुटलेली कुणाला दिसणारही नाही.

आम्ही ऑटोमेशनला लागलो तेव्हा पहिले काही महिने नुसतं लिहून काढण्यात गेले. किती सर्व्हर, केवढे, कुणाला कुठून प्रवेश, बॅकअप कधी. टेराफॉर्म हे साधन २०१४ पासून उपलब्ध आहे. त्याला अशी फाइल दिली की ते क्लाउडवर तशीच मांडणी उभी करतं आणि काही बदलण्याआधी काय काय बदलेल ते दाखवतं. आता प्रत्येक बदल आधी दुसरा सहकारी वाचतो, शंका काढतो, मगच तो लागू होतो. माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हा आहे. वेग आणि भाड्याची बचत त्याच्यामागून येते. एकाच्या डोक्यातलं ज्ञान सगळ्यांना वाचता येईल, सुधारता येईल असं झालं. संगमनेर-लोणीच्या कॉलेजांतून येणारी नवी मुलं ती फाइल वाचून कामाला लागतात.

रात्रीचं बरंचसं काम आता यंत्र करतं. डिस्क भरत आली की जुन्या नोंदी स्वस्त साठवणुकीत जातात. बंद पडलेल्या सर्व्हरच्या जागी नवा उभा राहतो. सहाच्या आधी सर्व्हर वाढतात, नऊनंतर कमी होतात आणि पगाराच्या दिवशी जास्त राहतात.

घरी दादांना हे समजावून सांगावं लागलं नाही. आमच्याकडे शेतीपंपाला काही दिवस रात्रीचीच वीज असते. उसात बिबट्याची भीती असतानाही दादा बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जायचे. स्टार्टरला ऑटोस्विच बसवला आणि वीज आली की मोटार आपोआप चालू होऊ लागली. त्यांनी मला एवढंच विचारलं, "मग रात्री अडलं तर?" "अडलं तरच मला उठवतं," मी म्हणाले.

पण महावितरण हेच ऑटोस्विच काढून टाका म्हणून सांगत असतं, आणि त्याला पक्कं कारण आहे. वीज येताच शिवारातल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उचलल्या तर भार पेलत नाही, डीपी जळते. आमच्या सर्व्हरवरही अगदी हेच होतं. एखाद्या भागातलं इंटरनेट परत आलं की सगळी केंद्रं साठलेल्या नोंदी एकदम पाठवतात. नाही पोचल्या तर लगेच पुन्हा पाठवतात आणि डेटाबेस गुदमरतो. म्हणून प्रत्येक केंद्रानं आधी थोडं थांबावं, तेही प्रत्येकानं वेगवेगळं, आणि दर अपयशानंतर दुप्पट थांबावं असं आम्ही सॉफ्टवेअरमध्येच लिहिलं. आपोआप चालणाऱ्या गोष्टीला थांबणंही शिकवावं लागतं.

तपासणीही तितकीच हवी. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत चुकून मुख्य डेटाबेसची माहिती पुसली गेली. बॅकअपच्या पाच व्यवस्थांपैकी एकही धड चालत नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं. सुमारे सहा तासांपूर्वी हातानं घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर त्यांनी सगळं पुन्हा उभं केलं. गिटलॅबनं हे लपवलं नाही, जगापुढे मांडलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. आमच्याकडे बॅकअप घेतला की तो दुसऱ्या सर्व्हरवर उतरवून बेरजा जुळतात का, हेही यंत्रच पाहतं. जुळल्या नाहीत तर बॅकअप झाला असं आम्ही धरत नाही. कायमचं पुसण्याचं काम मात्र आम्ही यंत्राकडे दिलेलं नाही. त्याला दोन माणसांची संमती लागते, आणि मला ते तसंच राहायला हवं आहे. त्या नोंदींमागे कुणाच्या तरी गोठ्यातलं दहा दिवसांचं दूध असतं.

आता दिवाळीच्या रिबेटची तयारी चालू आहे. वर्षभराच्या दुधाचा हिशेब त्या आठवड्यात एकदम निघतो, आणि आपल्या खात्यावर किती जमा झालं ते पाहायला सगळेच एका वेळी ॲप उघडतात. तेवढा भार खोटा तयार करून मांडणीवर सोडायचा आणि ती कुठे तुटते ते पाहायचं, हे वसुबारसेच्या आधी उरकायचं आहे.