गुण्यात बसलेला काप

कपाटाचं दार नीट बंद होत नाही, तेव्हा सगळे बिजागऱ्यांना दोष देतात. माझा पहिला संशय कापावर असतो.

म्हणून आज वर्कशॉपमध्ये पॅनल सॉचं, म्हणजे फळ्या कापायच्या करवत यंत्राचं, सरकतं टेबल लावायला घेतलं. आधी टेबलाची चाल पात्याला समांतर आहे का, ते पाहिलं. पात्याच्या एकाच दातावर पेनाने खूण करायची आणि तोच दात पुढे व मागे फिरवून डायल गेज लावायचा. दात बदलला तर पात्यातला बाक मापात शिरतो. अर्थात, मशीनची वीज तोडूनच.

मग फेन्सचा, म्हणजे फळी टेकवायच्या आडव्या टेकूचा, पात्याशी काटकोन. गुण्या लावून भागत नाही. केसाएवढी फट डोळ्याला दिसत नाही. त्यासाठी पाच कापांची रीत मला फार आवडते. प्लायचा तुकडा घ्यायचा, कापलेली बाजू दर वेळी फेन्सला टेकवत चारही बाजू कापायच्या, आणि पाचव्या कापात पहिल्या बाजूची पट्टी काढायची. चूक चौपट होऊन त्या पट्टीत उतरते. ५०० मिमी लांब पट्टीच्या दोन टोकांच्या रुंदीत ०.४ मिमी फरक आला, तर खरी चूक ५०० मिमीला ०.१ मिमी. फेन्स ज्या खिळीभोवती फिरते, तिच्यापासून १००० मिमीवर ती ०.२ मिमी सरकवायची, बोल्ट आवळायचा, पुन्हा कापून बघायचं. बोल्ट आवळताना फेन्स हलते, म्हणून हा शेवटचा काप कधीच टाळू नये.

विल्हेल्म आल्टेनडॉर्फने १९०६ मध्ये जर्मनीत असं सरकत्या टेबलाचं यंत्र घडवलं. फळी ढकलण्याऐवजी टेबलच सरकवायचं, या कल्पनेबद्दल मला त्या माणसाविषयी मनापासून आदर वाटतो.