नातं ठरायच्या आधी

संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी दुपारी मांडव सजत असतो. खुर्च्या अजून एकावर एक रचलेल्या, सतरंजी अर्धीच उलगडलेली. साउंडवाल्याचा पोरगा माइकवर टिचकी मारतो आणि म्हणतो, ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री.’ वक्ते, पाहुणे, श्रोते सगळे यायचेत, हॅलो मात्र आलाय. लग्नघरी आदल्या रात्रीच येऊन पिंप भरून ठेवणारा एखादा माणूस असतो ना, तसा हा.

इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या क्लासात त्याच्यासाठी वेगळा तास नसतो. तिथे ‘लेट मी बिगिन बाय’, ‘दॅट ब्रिंग्ज मी टू’, ‘टू सम अप’ अशी वाक्यं घोटून घेतात. घोटायलाच हवीत. भर सभेत शब्द आटले की तीच हात देतात. हॅलो मात्र आपल्याकडे क्लासाच्या कितीतरी आधी, फोनच्या तारेवरून आला. कुणी त्याला हलो म्हटलं, कुणी हालो, तरी तो तितक्याच तत्परतेने धावला. इंग्रजीची धास्ती घेतलेली माणसंसुद्धा हा एक शब्द न चाचरता उच्चारतात.

त्याचं घराणं हाकेचं. हॅलो, हलो, हॉलो ही भावंडं शिकारी कुत्र्यांना चेतवायला, पलीकडच्या काठावरच्या नावाड्याला बोलवायला वापरली जात. 1876 मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं, तेव्हा या यंत्रावर समोरच्याचं लक्ष वेधायचं कसं, हा खरोखरीचा प्रश्न होता. 15 ऑगस्ट 1877 रोजी थॉमस एडिसनने पिट्सबर्गमधल्या एका परिचिताला पत्र लिहून कळवलं की वेगळ्या घंटीची गरज नाही, ‘हॅलो’ ही हाक दहा-वीस फुटांवरून ऐकू येते. पुढच्या वर्षी न्यू हेवनला टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं, आणि हळूहळू एक्स्चेंजमध्ये काम करणाऱ्या मुलींनाच अमेरिकेत ‘हॅलो गर्ल्स’ म्हणू लागले. 1882 मध्ये मुंबईत एक्स्चेंज आलं. बेलच्या प्रेयसीचं नाव मार्गारेट हॅलो होतं, ही मोबाइलवर फिरणारी गोष्ट खोटी आहे. त्याच्या पत्नीचं नाव मेबल हबर्ड. लहानपणापासून तिला ऐकू येत नव्हतं.

खुद्द बेलला हॅलो पसंत नव्हता. त्याला खलाशांची ‘अहॉय’ ही हाक हवी होती. मराठी कानाला ती थेट ‘अहो’सारखी लागते. हा निव्वळ योगायोग, पण मी त्यापाशी नेहमी थबकतो. कारण आपलं ‘अहो’ कुणालाही चालत नाही. त्यासाठी समोर कोण आहे ते आधी कळावं लागतं. धाकट्याला अरे, मैत्रिणीला अगं, वडीलधाऱ्याला अहो. तू की तुम्ही, आलास की आलीस की आलात, हे ठरल्याशिवाय मराठीत साधी विचारपूसही सुरू होत नाही. समोरासमोर हे डोळ्यांनी क्षणात उरकतं. फोनवर चेहराच नसतो. पलीकडे बॉस असेल, भाचा असेल, चुकीचा नंबर असेल. त्या दोन-तीन सेकंदांच्या अंधारात मराठी माणसाने पहिला शब्द कोणता उच्चारावा?

तिथे हा उभा राहतो. त्याला लिंग नाही, वचन नाही, मान-अपमान नाही. राम राम, जय भीम, सलाम, जय महाराष्ट्र हे सगळे मला प्रिय आहेत, पण त्यातला प्रत्येक जण बोलणाऱ्याची ओळख सोबत घेऊन येतो. ऑक्टोबर 2022 मध्ये राज्य सरकारने आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांना फोनवर हॅलोऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणायला सांगितलं, तेव्हाही हेतू काही सांगण्याचाच होता. हॅलोला सांगायचं काहीच नसतं. तो फक्त विचारतो, आहे का कोणी?

म्हणून सादरीकरणाच्या आधीही तोच लागतो. माझ्या भाचीचं नोकरीतलं पहिलं प्रेझेंटेशन ऑनलाइन होतं. सगळी वाक्यं तिने आरशासमोर पाठ केली होती. स्क्रीनवर चौदा काळे चौकोन, प्रत्येकात नावाचं एकेक अक्षर. ती म्हणाली, ‘हॅलो? अ‍ॅम आय ऑडिबल?’ उत्तर नाही. पुन्हा हॅलो. मी दाराशी उभा होतो. पाठ केलेलं एकही वाक्य तिला तेव्हा उपयोगी नव्हतं, कारण ऐकणारं कोणी आहे हेच अजून ठरलं नव्हतं. मग एका चौकोनातून ‘येस, गो अहेड’ आलं आणि तिचे खांदे सैल झाले. चांगलं बोलली.

आमच्या लहानपणी घरात फोन नव्हता. पत्रिकांवर, पत्त्यांवर आम्ही कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा पी.पी. नंबर द्यायचो. इंदूरहून आत्याचा ट्रंक कॉल आला की दुकानातला पोरगा पळत सुटायचा आणि आजी पदर सावरत त्याच्यामागे. इंग्रजीचं एक अक्षर तिला येत नव्हतं. तांदळाच्या पोत्याला टेकून, रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी दाबून ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायची, ‘हॅलोऽऽ! हॅलोऽऽ!’ नुसती खरखर. पुन्हा ‘हॅलोऽऽ!’ मिनिटं मोजली जात असायची. दुकानातली गिऱ्हाइकं मापं थांबवून तिच्याकडे बघायची. आणि मग तारेतून, शेकडो किलोमीटरवरून, बारीकसं ‘आई’ यायचं.

आजीचा आवाज एकदम खाली यायचा. ‘अगं,’ ती म्हणायची, ‘जेवलीस का?’