दीडशे रुपयांचा सत्यवादी

माणसाची ऐपत त्याच्या मनगटावरून ओळखावी, असे आमच्या मेव्हण्यांचे मत आहे. त्यांच्या मनगटावर पावणेदोन लाखांचे स्विस घड्याळ आहे, तेव्हा हे मत त्यांना परवडते. त्याला सेल लागत नाही, किल्ली द्यावी लागत नाही. हात हलला की ते आपोआप चालते. मेव्हणे मूळचेच हातवारे करून बोलणारे, त्यामुळे घड्याळाची उपासमार होण्याचा प्रश्न नाही.

माझे घड्याळ दीडशे रुपयांचे. दादर स्टेशनबाहेर फूटपाथवर घेतलेले. तबकडीवर एका नामांकित कंपनीचे नाव असून त्यात एक अक्षर कमी आहे. ‘‘गॅरंटी किती?’’ असे मी रीतीप्रमाणे विचारले. विकणारा म्हणाला, ‘‘म्युनिसिपालटीची गाडी येईपर्यंत.’’ व्यवहारात इतका सरळपणा हल्ली दिसतो कुठे? मी लगेच पैसे दिले.

आता, बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला दोन आकडे शेजारी दिसले की ताळा केल्याशिवाय झोप येत नाही. मागे घराचे रंगकाम निघाले म्हणून मेव्हणे महिनाभर आमच्याकडे मुक्कामाला होते. मी एक वही घातली. डाव्या पानावर त्यांचे घड्याळ, उजव्या पानावर माझे. रोज रात्री नऊ वाजता दोन्ही मोबाइलच्या वेळेशी पडताळायची. पुढे गेले तर जमा, मागे पडले तर नावे. ही म्हणाली, ‘‘एवढ्या निष्ठेने किराण्याचा हिशेब लिहिला असता तर...’’ पुढचे वाक्य तिने सोडून दिले. इतक्या वर्षांच्या संसारात वाक्ये पूर्ण करण्याची गरज उरत नाही.

महिनाअखेर बाकी काढली. स्विस घड्याळ : नावे तीन मिनिटे चोवीस सेकंद. फूटपाथ : जमा अकरा सेकंद.

मी बेरजा तीनदा तपासल्या. तीस दिवसांचे सेकंद होतात २५,९२,०००. त्यात फरक अकराचा, म्हणजे दहा लाखांत जेमतेम चार. दहा लाख नोटा हाताने मोजून चारच नोटांचा फरक काढणारा कॅशियर मी अजून पाहिलेला नाही. आणि तसा निघालाच तर तो दीडशे रुपयांत येणार नाही. वही मी मेव्हण्यांपुढे ठेवली. ते शांतपणे म्हणाले, ‘‘भाऊजी, असलं घड्याळ वेळ बघायला नसतं.’’

स्विस घड्याळावर अन्याय नको. स्प्रिंग आणि चाके यांच्या जोरावर चालणारे ते यंत्र. तिकडे अशा घड्याळांना अचूकपणाचे खास प्रमाणपत्र मिळते, त्यातसुद्धा दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे इतकी सूट असते. बिचाऱ्याला तेल सुकल्याचा त्रास, उताणे ठेवले की एक चाल, कुशीवर ठेवले की दुसरी. शिवाय अशा घड्याळाच्या बॅलन्सला सेकंदाला फार तर पाच, सहा, आठ हेलकावे. एखादा जरा लांबला तरी हिशेबात येतो.

माझ्या घड्याळाच्या पोटात गारगोटीच्या जातीचा एक स्फटिक आहे, तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान, दोन पायांच्या चिमट्यासारखा. असा स्फटिक दाबला की वीज निर्माण होते, हे १८८० साली पॅरिसमध्ये जाक आणि पिएर या क्यूरी बंधूंनी दाखवले. उलट त्याला वीज दिली की तो थरथरतो. माझा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा असा अडनिडा का, म्हणून मी पाठकोऱ्या व्हाउचरवर मांडून पाहिला. निम्मे करा, १६,३८४. पुन्हा निम्मे, ८,१९२. असे पंधरा वेळा केले की बरोबर एक उरतो, आणि त्या एकावर सेकंदकाटा एक उडी मारतो. आम्ही कॉमर्सवाले घटत्या बाकीवर घसारा काढतो तसलाच हा प्रकार; फक्त आमच्याकडे शेवटी भंगार उरते, इथे सेकंद उरतो.

स्फटिकाला थंडी मानवत नाही, उकाडाही नाही. पंचवीस अंशांच्या आसपास स्वारी खूश असते. मनगटाच्या उबेत फार चढउतार होत नाहीत, म्हणून हातात बांधलेले घड्याळ बरे चालते. थोडक्यात, कामावर असलेलेच बरे.

हा अचूकपणा जन्मतः गरीब नव्हता, बरं का. २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत सेइकोने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला काढले तेव्हा त्याची किंमत साडेचार लाख येन होती. त्या पैशांत तिकडे छोटी मोटार येई. वायदा होता महिन्याला पाच सेकंदांचा. पुढे वीस वर्षांनी, १९८९ मध्ये, कॅसिओचे ते काळे प्लास्टिकचे एफ-९१डब्ल्यू आले. कॉलेजातल्या पोरांनाही परवडणारे, आणि महिन्याला तीस सेकंदांच्या आत राहण्याची हमी देणारे. तिथून घसरत घसरत अचूकपणा दादरच्या फूटपाथवर पोचला.

आमच्या अण्णांचे घड्याळ एचएमटीचे. जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून १९६१ साली बंगळुरात तो कारखाना निघाला. अण्णा रोज सकाळी किल्ली देत आणि रेडिओवर बातम्यांपूर्वीची ती पिप्-पिप् ऐकून काटा नीट करत. घड्याळ बरोबर असे, कारण अण्णा बरोबर असत. मीही तेच भांडवल घेऊन बँकेत शिरलो. कोकणातल्या शाखेत तेव्हा खतावण्या हाताने जुळवत. रात्री नऊ वाजता चाळीस पैशांचा फरक निघाला की साहेब म्हणायचे, ‘‘ह्यांना बोलवा.’’ मी पान आणि ओळ काढून द्यायचो. चहा माझ्या टेबलावर आधी यायचा. नंतर संगणक आला. मी पेनाचे टोपण काढेपर्यंत त्याचा ताळा जुळलेला असतो, आणि तो चहाही पीत नाही.

दीड वर्षाने माझे घड्याळ थांबले. घड्याळजींकडे नेले. डोळ्याला भिंग न लावताच ते म्हणाले, ‘‘सेलचे ऐंशी. नवीनच घ्या की.’’

‘‘अहो, पण हे बरोबर चालतं.’’

‘‘बरोबर तर हल्ली सगळीच चालतात.’’

मग मी खिशातून अण्णांचे एचएमटी काढले. कारखान्यालाच २०१६ मध्ये टाळे लागल्यामुळे त्याच्याबद्दल आशा नव्हती. घड्याळजींनी मात्र भिंग डोळ्यावर चढवले, झाकण उघडले आणि बराच वेळ आत बघत राहिले. ‘‘हे ठेवून जा,’’ ते म्हणाले, ‘‘हे बिघडतं.’’

दुरुस्तीचे सहाशे पडले. दिवसाला दोन मिनिटे मागे पडते. रोज सकाळी मी किल्ली देतो आणि दीडशेच्या घड्याळावरून ते लावतो.