टेकडीवरचा मनोरा

दूरदर्शनची जमिनीवरची अ‍ॅनालॉग प्रक्षेपण केंद्रं बंद झाली, त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. २०२१-२२ या काळात देशभरातली शेकडो केंद्रं टप्प्याटप्प्याने थांबली. मार्च २०२२ नंतर उरली ती सामरिकदृष्ट्या महत्त्वाची पन्नासेक ठिकाणं. बहुतेकांच्या घरी तोवर केबल नाहीतर छत्री आली होती, त्यामुळे काही थांबलं हे कळायलाही कारण नव्हतं.

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्याला चित्र दिसू लागलं. तालुक्याच्या गावांना मात्र बरीच वाट पाहावी लागली. १९८२च्या एशियाडबरोबर रंग आले, आणि १९८४ साली तर काही महिने देशात जवळजवळ रोज एक नवं केंद्र सुरू होत होतं. ही लघुशक्ती केंद्रं. दोन खोल्यांची इमारत, शेजारी डिझेलचा जनरेटर, उपग्रहाकडून चित्र घेणारी मोठी छत्री आणि ते चौफेर पसरवणारा मनोरा. यातल्या कित्येक प्रक्षेपकांची ताकद फक्त शंभर वॅट होती. घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. तेवढ्यावर आख्खं गाव आणि भोवतालच्या वाड्या टीव्ही बघत. सुरुवातीला या केंद्रांवरून दिल्लीचेच कार्यक्रम येत. मुंबईचं मराठी तालुक्यापर्यंत यायला आणखी काही वर्षं गेली, आणि शेतकऱ्याच्या घरात ‘आमची माती, आमची माणसं’ लागायला लागलं तेव्हा कुठे तो मनोरा आमचा वाटू लागला.

आमच्या घरी पत्र्यावर चढायचं काम काकांचं. ते अँटेनाचा पाइप धरून उभे, खिडकीत आत्या, संचासमोर आम्ही. ‘आलं का?’ ‘आवाज आला, चित्र नाही!’ पाइप बोटभर फिरला की मुंग्यांमधून एक चेहरा वर यायचा, आणि मग कुणी हलायचं नाही.

त्या मुंग्यांबद्दल मला आजही माया आहे, आणि त्याचं कारण निव्वळ आठवण नाही. अ‍ॅनालॉग लहर क्षीण होत जाते तसं चित्रही हळूहळू विरत जातं. रंग जातो, कडा पुसतात, तरी माणूस ओळखू येतो, बातमी ऐकू येते. डिजिटल चित्र एका मर्यादेपर्यंत अगदी लख्ख असतं. ती ओलांडली की चौकोन फुटतात आणि पडदा काळा. दुबळ्या लहरीवर, दूरच्या वाडीत, स्वस्तातल्या संचावरही काहीतरी पोचत राहावं, हा गुण त्या जुन्या तंत्राच्या अंगातच होता.

तरीही बंद करण्याचा निर्णय योग्यच होता असं मला वाटतं. सुटे भाग मिळेनासे झाले होते, वीज आणि माणसं खर्ची पडत होती आणि पाहणारे जवळपास उरले नव्हते. अ‍ॅनालॉगचा एक कार्यक्रम हवेतली जेवढी जागा अडवतो, तेवढ्यात डिजिटलचे अनेक मावतात. खटकतं ते वेगळंच. अँटेनावर टीव्ही बघणाऱ्याला कुणाचं कार्ड लागत नव्हतं, रिचार्ज लागत नव्हता, आणि कोणत्या घरात काय बघितलं जातं हे कुणाला कळत नव्हतं. जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण २०१६ साली मुंबई, औरंगाबादसारख्या सोळा शहरांत सुरू झालं, पण जुन्या केंद्रांसारखं ते तालुक्यात काही आलं नाही. फ्री डिश आहे, मोफत आहे, आणि तिने खेड्यांची मोठी सोय केली हे मान्यच करायला हवं. पण त्यासाठी आकाशातल्या उपग्रहाकडे बघावं लागतं. पाऊस जोराचा असला की चित्र जातं, आणि नेमकी तेव्हाच बातमीची सर्वाधिक गरज असते.

या केंद्रांवर रात्री-अपरात्री जनरेटर सुरू करणारे, विजांच्या कडकडाटात यंत्रं सांभाळणारे तंत्रज्ञ आता निवृत्त झाले आहेत. आपल्या गावाचा हा इतिहास फारसा कुणी लिहून ठेवलेला नाही. तुमच्या तालुक्यात असा मनोरा असेल, तर तिथे काम केलेल्या माणसाला गाठा आणि त्याच्याकडून सगळं लिहून घ्या. हे काम आणखी दहा वर्षांनी करता येणार नाही.