तिसरा ठोका

पौषातल्या पहाटे साताऱ्यात बाबांची जुनी डिझेल गाडी सुरू केली, की ती थोडी कुडकुडते आणि मग शांत होते. त्या दिवशी मात्र शांत होईना. गिअरच्या दांड्यावरचा हात हलत होता, आरशातला अजिंक्यतारा थरथरत होता. मागे पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर.

"मिसिंग मारतेय, ताई," मिस्त्री म्हणाले. बॉनेट उघडून ते नुसते ऐकत राहिले.

डिझेलला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधली हवा साधारण विसाव्या हिश्शाइतकी दाबली की पाचशे अंशांच्या वर तापते. त्या धगीत नोझलने तुषार सोडला की तो आपसूक पेटतो. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली आउग्सबुर्गला यशस्वी करून दाखवलेली किमया ती हीच. चार सिलिंडर पेटतात एक, तीन, चार, दोन या क्रमाने. इंजिन मिनिटाला आठशे फेरे घेत असेल तर सोळाशे ठोके. आमच्या गाडीचे त्यातले चारशे चुकत होते.

मिस्त्रींनी आधी हातपंप दाबून पाहिला. लाइनने हवा धरलेली नव्हती. मग सतराचा पाना घेतला. पहिल्या नोझलच्या पाइपचा नट जरा सैल केला, डिझेल पाझरलं आणि इंजिन आणखी लंगडलं. आवळला, सावरलं. दुसऱ्यालाही तसंच. तिसरा सैल केला. आवाज होता तसाच राहिला.

"हाच. ह्याला गप्प केलं तरी काही फरक नाही."

बाबा गेले तेव्हा घर फार लंगडलं होतं. पहाटे कडी काढल्याचा आवाज थांबला, तेव्हा कळलं की त्यांचा ठोका नेमका कुठे पडत होता.

दोष नोझलचा की सिलिंडरचा, हे अजून ठरायचं होतं. इंजिन बंद करून मिस्त्रींनी पहिलं आणि तिसरं नोझल अदलाबदल करून बसवलं, तांब्याचे वॉशर नवे घातले. आता पहिला गप्प, तिसरा बोलता. म्हणजे व्हॉल्व्ह, रिंगा ठीक होत्या. हेड उघडावं लागलं नाही. हजारो रुपये वाचले ते या एका पारखीमुळे.

नव्या कॉमन रेल गाड्यांत मात्र चालू इंजिनाचा नट कुणी सैल करू नये. तिथला दाब हजार बारच्या वर जातो, आणि ती धार कातडी भेदून आत शिरते. तिथे स्कॅनरच लावावा.

आमचं नोझल पंपवाल्याकडे तपासलं, तर तुषाराऐवजी थेंब गळत होते. नवं बसवलं. आता आरशातला अजिंक्यतारा जागच्या जागी दिसतो.