दोन पाण्यांचा मासा

पनवेलच्या खाडीवर गरी टाकायला जायचं तर आधी तिथी बघायची. तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल त्या सुमाराला भरती पूर्ण. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे पहाटे सहाच्या आणि संध्याकाळी सहा-साडेसहाच्या आसपास पाणी तुडुंब. पुनवेला आणि अवसेला भर दुपारी आणि मध्यरात्री. रोज भरती पाऊण तास, थोडं जास्तच, पुढे सरकते आणि खाडीच्या आतल्या अंगाला पाणी जरा उशिरा पोचतं. पाऊणकीचे पाढे शाळेतून गेले. आमच्याकडे ते भरतीच्या हिशोबात राहिले आहेत. माझी भाची सहावीत आहे. कॅलेंडरवर तिथी बघून ती अर्ध्या मिनिटात सांगते, की आज खाडीवर जाण्यात अर्थ आहे की नाही.

डोल जाळं लावणारे कोळी उधाणाच्या पाण्याची वाट बघतात. पाण्याला ओढ असल्याशिवाय डोल भरत नाही. आम्हा गरीवाल्यांना भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी, बरा. अष्टमी-नवमीला पाणी शांतपणे चढतं, शांतपणे उतरतं, आणि मे महिन्यात हीच तिथी आली की उन्हं कलता कलता भरती पुरी होते. दिवसभराची काहिली संपलेली असते, मुंबईहून आलेले मावसभाऊ जेवून-झोपून उठलेले असतात, आणि पाणी फिरायच्या आत बांधावर पोचायला तासभर हाताशी असतो. सगळी मंडळी एकत्र जमायला इतकी सोयीची वेळ पंचांगात दुसरी नाही.

तयारी थोडीच. लाकडी फळीवर गुंडाळलेला तंगूस, शिसं, गऱ्या, एक डबा आणि त्यात खाडीच्याच पाण्यात ठेवलेली जिवंत कोळंबी. ही कोळंबी मामा सकाळच्या ओहोटीला चिखलातल्या पाणथळीत पाग टाकून धरून ठेवतात. गरीला लावताना कोळंबीच्या डोक्यावरच्या काट्याखालून अलगद टोचायची, मेंदूला लागू द्यायची नाही. आम्ही जातो ते जिताड्यासाठी, आणि मेलेली कोळंबी तो बघतसुद्धा नाही. आजी बांधावर गोणपाट टाकून बसते. तिला गरी टाकायची नसते, पण ती आल्याशिवाय कुणी निघत नाही. मित्राची मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा तिने सारखं विचारलं, मासा कधी लागेल. मामा म्हणाले, "गप बस गो, आथा पानी फिरल." पाणी फिरलं. तिवरांच्या मुळांतून, चिखलातल्या बारीक ओहोळांतून बोयांची पिल्लं आणि कोळंबी उतरत्या पाण्याबरोबर बाहेर यायला लागली. जिताडा त्यांच्यासाठीच ओहोळाच्या तोंडाशी दबा धरून असतो. मुलीला हे सगळं कुणी समजावलं नाही. पाण्यावर एका जागी उठणारी थरथर तिने स्वतः बघितली आणि बोट दाखवलं.

जिताडा गरीला लागला की तो कळायला अनुभव लागत नाही. ओढ हाताला जाणवते न जाणवते तोच मासा पाण्याबाहेर उसळतो आणि डोकं झटकतो. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी धारदार; तंगूस तिच्यावर घासला की तुटलाच. म्हणून उसळला की ढील द्यायची, पाण्यात गेला की ओढायचं. मामांनी हे मला शिकवलं, मी भाचीला. अंधार पडल्यावर टॉर्च मारला तर त्याचे डोळे तांबूस सोनेरी चमकतात.

त्या डोळ्यांवरून माझा चुलतभाऊ आणि मी फोनवर तासभर बोललो होतो. तो अमेरिकेत मिनेसोटात राहतो. तिथल्या तळ्यांत वॉलआय नावाचा मासा मिळतो, त्याचेही डोळे असेच उजेडात चमकतात. डोळ्याच्या आत उजेड परतवणारा थर असतो, म्हणून गढूळ आणि अंधाऱ्या पाण्यात त्याला शिकार दिसते. जिताड्याचंही तसंच. मिनेसोटाने 1965 मध्ये वॉलआयला राज्याचा मासा ठरवलं. मे महिन्यात मेमोरियल डेच्या दोन आठवडे आधीच्या शनिवारी तिथला वॉलआयचा हंगाम उघडतो आणि घरंच्या घरं होड्या घेऊन तळ्यांवर जातात. आजोबा, नातवंडं, शेजारी, सगळी. भावाने तिथल्या मित्रांबरोबर जायला सुरुवात केली, आणि आता त्याची मुलं हिवाळ्यापासून त्या शनिवारची वाट बघतात. मला त्यातलं सगळ्यात आवडलं ते हे, की किती मासे घ्यायचे, किती लांबीचे घ्यायचे आणि कुठले पाण्यात परत सोडायचे याचे नियम तळ्यातळ्याप्रमाणे ठरलेले आहेत आणि लहान मुलांनाही ते पाठ आहेत.

आपल्या राज्याने 2023 मध्ये पापलेटला राज्य मासा केलं. पापलेटला संरक्षण हवंच होतं. पण रायगडातल्या कुठल्याही घरात विचारा, मन कुठे आहे ते कळेल. पेण, अलिबाग, उरण, पनवेल या खारेपाटात जिताड्याचं नाव निघालं की बोलणं थांबतं आणि आठवणी सुरू होतात. कुणाच्या अंगणातल्या तळ्यात किती मोठा वाढला होता, कुणाच्या लग्नाच्या बोलणीत वाढला होता. घरासमोरच्या तळ्यात जिताडा वाढवायचा आणि जावई आला, पाहुणा आला की काढायचा, ही इथली रीत. खाडीचं पाणी पावसाळ्यात बांधाच्या उघाडीतून, म्हणजे झडपेतून, शेतात यायचं तेव्हा बोटाएवढी पिल्लं आपसूक आत यायची. भात वाढायचं, मासाही वाढायचा. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3 या भाताच्या जाती अशाच खाऱ्या जमिनीसाठी आहेत. खारं आणि गोडं जिथे एकमेकांत मिसळतं त्या पट्ट्यात माणसाने भात घ्यायला शिकून घेतलं, आणि जिताडा तिथे आधीपासून होताच.

हा मासा दोन पाण्यांचा आहे. नदीच्या गोड्या पाण्यात, तळ्यात, शेतात तो वाढतो. अंडी घालायला मात्र त्याला खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात उतरावं लागतं, आणि तेही पावसाच्या दिवसांत. पिल्लं भरतीबरोबर परत आत येतात. आणखी एक गोष्ट कळली तेव्हा मी थक्क झालो. जिताडा तरुणपणी नर असतो. काही वर्षं नर म्हणून जगून, मोठा होऊन, तो मादी होतो. म्हणजे खाडीतला भलामोठा जिताडा बहुतेक मादी असतो, आणि अशी एक मादी एका हंगामात लाखो अंडी सोडते. चेन्नईच्या केंद्रीय खारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने 1997 मध्ये त्याचं प्रजनन बंदिस्त टाक्यांत घडवून दाखवलं, आता पिंजऱ्यांत जिताडा वाढवतात, राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानाच्या योजनांतूनही वाढवतात. चांगलं आहे. खाडीकाठच्या घरांना उत्पन्न मिळतं. पण पिंजऱ्यातल्या माशाला तिवरांतून खाडीच्या तोंडापर्यंतची वाट लागत नाही. खाडीतल्या माशाला लागते. त्याच्यामुळेच मला त्या वाटेची काळजी वाटते.

पनवेल हे पाण्याच्या वाटेवरचंच गाव. 1830 मध्ये बोरघाटाचा रस्ता झाला तेव्हा मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीने पनवेल बंदरात उतरायचा आणि इथून गाडीने घाटाकडे जायचा. तांदूळ इथून जायचा. माथेरानच्या डोंगराकडून येणारी गाढी आणि तळोज्याकडून येणारी कासाडी याच खाडीला मिळतात. 1970 मध्ये सिडको आली, नवी मुंबईसाठी खाजणं आणि शेतं घेतली गेली. जानेवारी 1984 मध्ये जासई-नवघर भागात मोबदल्यासाठी लढताना पाच शेतकरी गोळीबारात गेले. मग विमानतळ. उलव्याचा डोंगर सपाट झाला, उलवे नदीचं पात्र वळवलं गेलं, दहा गावं उठली. 8 ऑक्टोबर 2025 ला विमानतळाचं उद्घाटन झालं. त्या गावांतल्या माझ्या नातेवाइकांच्या मुलांना तिथे नोकऱ्या मिळाव्यात असं मला मनापासून वाटतं. आणि त्याच मुलांना आता भरतीची वेळ सांगता येत नाही याचं दुःखही तितकंच होतं. घर उचलून दुसरीकडे बांधता येतं. ओहोळाच्या तोंडाशी बसायची जागा तशी दुसरीकडे नेता येत नाही.

कासाडीचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. 2017 च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात निळे कुत्रे फिरताना दिसले, फोटो जगभर गेले. कारखान्याच्या रंगाचं पाणी कासाडीत उतरत होतं, कुत्री त्यात शिरत होती. माणसं हळहळली, कारण कुत्रा दिसतो. त्याच पाण्यातली कोळंबी, निवट्या, चिंबोऱ्या कुणाला दिसल्या नाहीत. आमच्या आजीला मात्र त्याच्या कितीतरी आधी कळलं होतं. बाजारातून आणलेला खाडीचा मासा ती धुताना हुंगते आणि एखादा सरळ बाजूला ठेवते. मापन यंत्रं हवीत, लवाद हवेत, दंड हवेत. पण एखाद्या पाण्याची तब्येत पहिल्यांदा त्यालाच कळते जो वर्षानुवर्षं त्याच्या काठावर जाऊन बसतो आणि त्यातलं खातो. 26 जुलै 2005 ला पनवेल-कळंबोलीत पाणी शिरलं तेव्हा पुष्कळांची खाडीशी तीच पहिली ओळख झाली. ओळख अशी व्हायला नको होती. पावसाचं पाणी आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली तर गाढीचं पाणी कुठे जाणार, हे मे महिन्यात बांधावर बसलेल्या पोराला सुद्धा सांगता येतं.

म्हणून मुलांना गरी शिकवावी असं मी सगळ्यांना सांगत असतो. शहरात राहणाऱ्यांनी वडाळे तळ्यापासून सुरुवात करावी किंवा जिथे परवानगी असेल त्या कुठल्याही तळ्यापासून; कणकेच्या गोळीवर चिलापी लागते आणि लहान मुलाला पहिल्या दिवशी काहीतरी लागायलाच हवं. मग खाडी. 2016 मध्ये पनवेल महापालिका झाली, उद्यानं झाली, तळ्यांभोवती चालायच्या वाटा झाल्या. खाडीच्या काठालाही माणसाला उतरून बसता येईल अशा जागा ठेवाव्यात. फार खर्चाचं काम नाही. तिवरं आहेत तशी ठेवायची, ओहोळांची तोंडं राडारोडा टाकून बुजवायची नाहीत, जुन्या उघाड्या दुरुस्त ठेवायच्या. मासा आत-बाहेर करू शकला की माणसंही येतील.

आमच्या घरात मृग लागला की गऱ्या आवरतात. समुद्रातली यांत्रिक मासेमारीही 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत बंद असते, कारण माशांचे विणीचे दिवस तेच. पण मे महिन्यात लागलेला मोठा जिताडा ठेवायचा की सोडायचा यावर गेल्या सुट्टीत भांडण झालं, आणि ते झालं हे मला बरं वाटलं. मी म्हटलं, मोठी ती मादी, पंधरा दिवसांत अंडी घालायला उतरेल, सोडूया. मामांना ते पटलं नाही. जेवणाला आलेला मासा पाण्यात सोडणं त्यांना अन्नाचा अपमान वाटतो. शिवाय त्यांचं म्हणणं बिनतोड होतं: "मोठा सोरला न् धाकटा खाल्ला, त धाकटा मोठा कवा होवाचा?" भाऊ फोनवर होता. त्याने मिनेसोटातली पद्धत सांगितली: पुष्कळ तळ्यांत फार लहान पण नाही आणि फार मोठा पण नाही, मधल्या मापाचा तेवढा ठेवतात. आजी इतका वेळ कैरी चिरत होती. ती म्हणाली की जेवायला मधलाच चांगला, मोठ्याचं मांस राठ. कैरी घालून कालवण करायचं तर तुकडी मऊ हवी, आणि डोकं एका माणसाला पुरेल एवढंच असावं, म्हणजे वाटणीवरून रुसवे होत नाहीत.

तेव्हा माप ठरलं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा एक हात. एक हात भरत नसेल तर सोडायचा, दोन हातांच्या जवळ गेला तरी सोडायचा, मधला घरी न्यायचा आणि एक लागला की गऱ्या गुंडाळायच्या. मामांनी एक अट घातली: सोडायचाच असेल तर नीट सोडा, अर्धमेला करून सोडण्यात पुण्य नाही. त्यांनीच मग मुलांना दाखवलं. मोठी मादी बांधावर ओढून घ्यायची नाही, गुडघाभर पाण्यात उतरायचं. हात ओले करून पोटाखालून आधार द्यायचा, कल्ल्यात बोटं घालायची नाहीत. गरी ओठात असेल तर चिमट्याने काढायची, घशात गेली असेल तर तंगूस तोंडाशी कापायचा. मग तोंड प्रवाहाकडे करून धरायची, आणि ती स्वतः शेपूट मारेपर्यंत हात काढायचा नाही.